मामांची अखिल भारतीय परिषद

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात कुणाचाही चेहरा धड पाहिला नाही. माणूस समोर आला की त्यांची नजर गळ्याशी उतरायची, तिथून सरळ रेषेत पोटापर्यंत जायची आणि परत वर यायची तीही गळ्यापर्यंतच. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या जोश्यांना ते रस्त्यात ओळखत नसत, पण जोश्यांचा शर्ट दोरीवर दिसला की ‘आज जोशी घरी आहेत वाटतं’ असं हमखास सांगत. याचं कारण एवढंच की मामा गुंड्या करत. नारळाच्या करवंटीच्या गुंड्या. त्यांना बटणं म्हटलेलं मामांना खपत नसे. “बटण दाबायचं असतं, दिव्याचं,” ते म्हणत. “अंगाला लावतात ती गुंडी.” मुलुंड आणि नाहूर यांच्या मधे, जिथे तेव्हा वस्ती संपून मिठागरं सुरू व्हायची, तिथे पत्र्याची एक शेड होती. तिला मामा कारखाना म्हणत, मामी खोपटं म्हणत, आणि टपालवाला दोन्ही नावांनी येणारी पत्रं बिनचूक तिथेच टाकत असे.

माझी आणि मामांची पहिली भेट मी मुलगी पाहायला गेलो तेव्हाची. मुलीचे वडील नोकरीबद्दल विचारत होते, काका गोत्राबद्दल विचारत होते, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मामा उठून माझ्यापुढे येऊन उभे राहिले. माझ्या शर्टाची वरून दुसरी गुंडी त्यांनी दोन बोटांत धरली. “शिंपल्याची आहे,” ते म्हणाले. “कुणाची?” मी म्हटलं, वडिलांच्या जुन्या सदऱ्याची काढून लावली आहे. “लावली कुणी?” मी म्हटलं, मीच. मामांनी गुंडी सोडली आणि जमलेल्या मंडळींना सांगितलं, “मुलगा चांगला आहे. दोरा चार वेळा फिरवलाय आणि मानेला वेढा दिलाय. संसार टिकेल.” पुढे पोहे आले, पत्रिका आल्या, पण निकाल तेव्हाच लागला होता असं माझी बायको मालती अजून म्हणते.

गुंडी धरून बोलायची ही सवय मुलुंडभर माहीत होती. मामांनी तुमची गुंडी धरली की बोलणं पुरं होईपर्यंत सुटका नसे, आणि मामांचं बोलणं पुरं होण्यासारखं कधी नव्हतंच. ते मालवणच्या समुद्रावरून सुरू होऊन सीलोनच्या माडांवरून जपानच्या शिंप्यांपर्यंत जाई, आणि या सगळ्या प्रवासात तुमची गुंडी त्यांच्या बोटांत हळूहळू फिरत असे. माणूस निघायला उठला की मामी आतून येत. त्यांच्या पदराला कायम एक पांढऱ्या आणि एक काळ्या दोऱ्याची सुई टोचलेली असे. “थांबा हो, सैल झाली असेल,” असं म्हणून त्या उभ्याउभ्याच टाका घालत. मुलुंडच्या डॉक्टरांनी तर मामांकडे व्हिजिटला जाताना गळाबंद कोट घालायला सुरुवात केली होती, पण त्या कोटालाही गुंड्या होत्याच.

घरात नारळाला सुमार नसे. करवंट्या हव्यात म्हणजे नारळ फुटले पाहिजेत, आणि फुटले म्हणजे संपले पाहिजेत. त्यामुळे मामींच्या हातची दुधीची भाजीसुद्धा खोबऱ्यात पोहत असे, आणि पाहुण्याला पाण्याआधी सोलकढी मिळे. नारळ बरोबर मधोमध फुटावा असा मामांचा आग्रह. आजूबाजूला कुणाकडे सत्यनारायण असला की मामा वेळेआधी हजर होत आणि भटजींना बाजूला घेऊन नारळाची शीर कशी ओळखायची ते समजावत. एका दुकानाच्या उद्घाटनाला पाहुण्यांनी नारळ असा आपटला की त्याचा चुरा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मामा एकटेच मान खाली घालून, कुणी गेल्यासारखे उभे राहिले.

नारळी पौर्णिमेला ते खाडीवर जाऊन बसत, तेही दुःख करायलाच. कोळ्यांनी समुद्राला वाहिलेले नारळ पाण्यावर डुलत लांब जाताना बघून त्यांचा जीव कासावीस होई. एका वर्षी न राहवून त्यांनी शेजारच्या कोळणीला विचारलं की देवाला नुसतं खोबरं चालणार नाही का. ती हिराबाय. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून सुका जवळा आणि बोंबील घेऊन मुलुंडच्या बाजारात बसणारी, आवाज असा की भाव विचारायला जवळ जावं लागू नये. तिने मामांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “द्येवाला खोबरा, न् करवंटी तुला? तू कोन, द्येवाचा भाऊ?” मामांना हा प्रश्न इतका योग्य वाटला की त्या दिवसापासून त्यांची दोस्ती झाली. बाजारात जाऊन मामा तिच्या टोपलीशेजारी उकिडवे बसत आणि धंद्याच्या गोष्टी बोलत. तिच्या चोळीला गुंड्या नव्हत्या, गाठ होती, त्यामुळे मामा जिच्या नीट तोंडाकडे बघून बोलले अशी ती बहुधा एकटीच.

पण साठ साल उलटलं आणि दादरच्या शिंप्यांकडून मामांचा माल परत येऊ लागला. प्लॅस्टिकची बटणं आली होती. ती हलकी होती, रंगीत होती, आणि परटाने दगडावर कितीही आपटली तरी फुटत नव्हती. मामांची गुंडी म्हणजे प्रत्येक वेगळी, कुठे मधाच्या रंगाची, कुठे जळक्या साखरेच्या, तेलाचा हात फिरवला की आतून उजेड आल्यासारखी दिसायची. पण शिंपी म्हणत, “मामा, गिऱ्हाइकाला सहाच्या सहा सारख्या पाहिजेत.” मामा म्हणत, “देवाने दोन माणसं सारखी केली नाहीत, मी सहा गुंड्या कशा करू?” शिंप्यांकडे याला उत्तर नव्हतं, आणि ऑर्डरही नव्हती. शेडमधल्या दोन कामगारांपैकी एक औषधांच्या कारखान्यात लागला. मामींच्या भावाने मामांसाठी एका मिलच्या ऑफिसात जागा बघून ठेवली होती. मामी बोलत नव्हत्या, पण दर रविवारी भाऊ येऊन बसायचा आणि त्या त्याला जेवून जा म्हणायच्या, यातच सगळं आलं.

अशाच एका हिवाळ्यातल्या संध्याकाळी मी शेडवर गेलो होतो. मामा बाहेर पिंपावर बसले होते. मिठागरात मिठाचे ढीग लावलेले होते आणि त्यांच्यावर गुलाबी ऊन पडलं होतं. पलीकडे खाडी, तिच्यावर धूर की धुकं ते कळत नव्हतं. मामा म्हणाले, “अरे, ह्या देशात माझ्यासारखे किती असतील? कुठेतरी कुणी कुलपं करतोय. कुणी कंदील. कुणी छत्रीच्या मुठी. प्रत्येक जण आपापल्या पत्र्याखाली बसलाय, आणि प्रत्येकाला वाटतंय की बुडणारा मी एकटाच. आपण एकमेकांना ओळखतच नाही.” मी म्हटलं, खरं आहे. तेवढ्यात माझी गुंडी त्यांच्या हातात गेली होती. “परिषद घेऊ या,” मामा म्हणाले. “अखिल भारतीय. लहान कारखानदारांची. तू चिटणीस.”

मी विमा कंपनीत कारकून होतो आणि मला इंग्रजी टाइप करता येत होतं, एवढीच माझी पात्रता. रद्दीच्या दुकानातून मामांनी व्यापाऱ्यांच्या पत्त्यांचं एक जाडजूड जुनं पुस्तक आणलं आणि त्यातून ज्यांची नावं त्यांना आवडली त्यांना आमंत्रणं गेली. मंत्र्यांना गेलं, दिल्लीच्या अधिकाऱ्यांना गेलं, आणि कुठून कुणाचंही उत्तर आलं नाही. मामांना यात काही वावगं वाटलं नाही. “येणारा माणूस उत्तर देत बसत नाही,” ते म्हणाले, “तो निघतो.” नाताळच्या सुट्टीत मुलुंडच्या एका शाळेचं सभागृह मिळालं. पेंटरने कापडी फलक केला, पण ‘अखिल भारतीय’ इतक्या जोमात लिहिलं की ‘परिषद’ला जागाच उरली नाही, तेव्हा ती खांबाला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. समोरून वाचणाऱ्याला फक्त ‘अखिल भारतीय लघुउद्योजकांची’ एवढंच दिसे, आणि पुढे काय याचा त्याला आपल्याशी विचार करावा लागे.

अध्यक्षीय भाषण मामा महिनाभर लिहीत होते. ते त्यांनी मामींना ऐकवलं, उरलेल्या कामगाराला ऐकवलं, आणि दोघं कंटाळल्यावर मिठागराकडे तोंड करून म्हटलं. त्याचा शेवट एका ठरावाने होता. प्लॅस्टिकच्या बटणांवर सरकारने बंदी घालावी असा तो ठराव. शब्द जळजळीत होते. ‘पोटावर पाय देणारे हे परके चकचकीत भूत’ असं एक वाक्य होतं, ते म्हणताना मामांचा आवाज चढत असे आणि मामी आतून “अहो, जोशी झोपलेत” असं म्हणत. परिषदेत हा ठराव झाला तर कारखाना राहील, नाही तर नवीन वर्षापासून मी मिलच्या ऑफिसात जाईन, असं त्यांनी मामींना कबूल केलं होतं. हे मला मामींनीच सांगितलं. “तुम्ही चिटणीस आहात,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला माहीत असलेलं बरं.”

परिषदेच्या दिवशी सकाळी मुलुंडच्या पश्चिमेच्या टेकड्यांवरून असं धुकं उतरलं होतं की शाळेच्या पटांगणातून शाळा दिसत नव्हती. मामा फलकाखाली उभे होते, स्वतःच्या कारखान्याच्या सर्वांत सुंदर गुंड्या लावलेला सदरा घालून. उद्घाटनाची वेळ झाली आणि सभागृहात मामींचा भाऊ, जोशी आणि शाळेचा शिपाई एवढे होते. मग मुलुंड-भांडुपचे काही जण आले, एक अगरबत्तीवाला, पापडवाल्या बायका, लाकडी खेळणी करणारा एक म्हातारा. हिराबाय टोपली घेऊनच आली आणि पहिल्या रांगेत बसली. मी मनात मामांना समजावण्याची वाक्यं जुळवत होतो. एवढ्यात धुक्यातून एक उंच, वृद्ध गृहस्थ ट्रंक घेऊन येताना दिसले. ते अलीगढचे खाँसाहेब, कुलपं करणारे. आमचं आमंत्रण वाचून ते थेट गाडीत बसले होते. त्यांच्यामागून एक सावळा, काटकुळा माणूस खांद्यावर गुंडाळी घेऊन आला. तो केरळातल्या अलेप्पीचा, काथ्याची पायपुसणी विणणारा. त्याला मल्याळम येत होतं आणि इंग्रजीचे थोडे शब्द. मामांनी दोन हातांत दोघांच्या गुंड्या धरल्या आणि नुसत्या फिरवत राहिले. मागून जोशी म्हणाले, “आयला, खरंच अखिल भारतीय झाली की.”

सगळ्यात शेवटी एक तरुण आला. गोरा, अंगाने भरलेला, केस चापून बसवलेले. हातात पत्र्याचा डबा. दारातच तो मामांच्या पाया पडला. “मामाजी, मी उल्हासनगरवरून आलो. माझी पण फॅक्टरी स्मॉलच आहे. एक मशीन, एक मी आणि एक आई.” मामांनी प्रेमाने त्याची गुंडी धरली, बोटांत फिरवली, आणि त्यांचा हात थबकला. ती गुंडी करवंटीची नव्हती, शिंपल्याचीही नव्हती. आकाशी, गुळगुळीत, अगदी गोल.

“हे प्लॅस्टिक आहे,” मामा म्हणाले.

“हो जी,” तो म्हणाला. “माझंच आहे.”

मी शेजारीच उभा होतो, आणि मामांच्या खिशात ते भाषण होतं. मामांनी गुंडी सोडली नाही. त्या तरुणाने मान खाली घातली आणि एका दमात बोलून टाकलं. “तुमचा माल मी दादरला बघितला मामाजी. काय सुंदर चीज आहे. मी एक घेऊन घरी गेलो, आईला दाखवली. आई बोलली, हे करणारा कोण आहे? मी बोललो, मुलुंडला कोणी म्हातारा आहे, आता त्याचा धंदा संपेल, माझ्यासारख्यांमुळे. मग तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं नाही केलं. नंतर बोलली, आपण सिंध सोडून आलो तेव्हा कोणी आपल्याला विचारलं नव्हतं की तुमचं काय जातंय. तू तरी जाऊन विचार. ज्याच्या पोटावर आपला पाय आहे, त्याला एकदा भेटून ये.” तो थांबला. “म्हणून आलो.”

त्याच्या हाताला धरून मामांनी त्याला आत नेलं आणि हिराबायच्या शेजारी बसवलं.

स्वागत झालं, दिवा लागला, मी प्रास्ताविक केलं, आणि अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. त्यांनी कागद काढले, चष्मा लावला. सभागृहाच्या उंच खिडक्यांतून धुक्यातलं ऊन आत येत होतं आणि त्यात समोरची माणसं थोडी पुसट, पाण्याखाली बसल्यासारखी दिसत होती. मामा पहिल्या पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी शेवटचं पान काढून पाहिलं. मामी दाराशी उभ्या होत्या, त्यांचा भाऊ घड्याळाकडे बघत होता. मामांनी कागदांची घडी घातली आणि खिशात ठेवली.

“मी भाषण करत नाही,” ते म्हणाले. “माझं भाषण चुकलंय. तुम्ही एवढ्या लांबून आलात, तर ज्याने त्याने आपण काय करतो ते दाखवा. दाखवा म्हणजे हातात द्या. सगळ्यांच्या हातातून फिरू दे.”

मग जे झालं त्याला परिषद म्हणतात की नाही मला ठाऊक नाही. खाँसाहेबांनी ट्रंकेतून पितळी कुलूप काढलं, कारागिरीचं, आत गुपित खटका असलेलं. हे कुणी उघडून दाखवावं असं म्हणत त्यांनी ते पुढे दिलं. ते रांगेतून फिरत हिराबायकडे आलं. तिने उलटसुलट करून बघितलं, फरशीवर एकदा आपटलं, आणि ते उघडलं. खाँसाहेबांनी आपली पांढरी दाढी कुरवाळली आणि अतिशय अदबीने म्हणाले, “बहन, ये ताला चोरों के लिए बनाया है. आप के लिए नहीं.” हिराबाय इतकी हसली की पापडवाल्या बायकांना भाषांतर न करताच हसू आलं. तिने मग टोपलीतला जवळा मूठमूठ वाटला. खाँसाहेबांनी तो हुंगला, डोळे मिटले आणि अखेर रुमालात बांधून ठेवला, खाण्यासाठी की घरी दाखवण्यासाठी ते त्यांनाच माहीत.

अलेप्पीच्या माणसाने गुंडाळी उलगडली. सोनेरी काथ्याची चटई होती, मधे एक मोठं कमळ विणलेलं. तो म्हणाला, “मदर. वाइफ. मी.” आणि दोन्ही हात पुढे करून दाखवले. मामा व्यासपीठावरून खाली उतरले आणि चटईवर मांडी घालून बसले. तळव्याने काथ्या चाचपत राहिले. मग त्यांनी खिशातून स्वतःची एक गुंडी काढून कमळाच्या मधोमध ठेवली. “नारळ,” ते चटईकडे बोट दाखवून म्हणाले. मग गुंडीकडे. “नारळ.” तो माणूसही खाली बसला. त्याने गुंडी उचलली, नाकाशी धरली, आणि त्याच्या तोंडून त्याच्या भाषेतला तोच शब्द बाहेर आला असावा. “बघ रे,” मामा मला म्हणाले, “वरची साल त्याची, करवंटी माझी. खोबरं सोडून अख्खा नारळ आम्हा दोघांचा आहे.” पुढचा सगळा वेळ ते दोघं त्या चटईवरच बसून होते. अध्यक्षांची खुर्ची वर रिकामीच राहिली.

उल्हासनगरचा तरुण मात्र डबा मांडीवर घेऊन तसाच बसला होता. “आता तू,” मामा म्हणाले. त्याने झाकण काढलं. आत निळी, पिवळी, गुलाबी, पोपटी बटणं भरलेली होती. डबा फिरायला लागला आणि बायका त्याच्याभोवती जमल्या. दाराशी उभ्या असलेल्या मामीही पुढे आल्या. त्यांनी डब्यात बोटं घातली आणि एक समुद्राच्या रंगाचं बटण उचलून उजेडात धरलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांच्या अंगावर तपकिरी सोडून दुसऱ्या रंगाची गुंडी आली नव्हती. “रंग छान आहे हो,” त्या म्हणाल्या, आणि मग कुणाचं बटण कुणासमोर धरलंय हे ध्यानात येऊन त्यांचा हात तसाच राहिला. त्यांच्या भावानेही घड्याळावरची नजर काढली. मामांनी चटईवरून मान वर केली. बराच वेळ त्यांनी त्या निळ्या ठिपक्याकडे पाहिलं.

“घे,” ते म्हणाले. “तुला शोभेल.”

दुपारी मामींनी सगळ्यांना जेवू घातलं. वालाचं बिरडं, भात, सोलकढी, आणि प्रत्येक पदार्थावर बर्फ पडल्यासारखं खोबरं. जेवणं झाल्यावर मी अध्यक्षांकडे इतिवृत्ताचा कागद घेऊन गेलो आणि विचारलं की कोणता ठराव लिहायचा. मामा म्हणाले, “लिही, सर्वांनी एकमेकांच्या वस्तू हातात घेऊन पाहिल्या.” मी म्हटलं, “मामा, याला ठराव म्हणत नाहीत.” “मग नको म्हणूस,” ते म्हणाले. “पण लिही.”

नवीन वर्षापासून मामा मिलच्या ऑफिसात जाऊ लागले. ठराव झाला नाही तर जाईन असं कबूल केलं होतं आणि ठराव झाला नव्हता, यावर त्यांचा स्वतःशी काही वाद नव्हता. शेड मात्र त्यांनी सोडली नाही. सुट्टीच्या दिवशी ते जाऊन थोड्या गुंड्या पाडत, तेल लावत, आणि ओळखीच्यांना वाटत. तो उल्हासनगरचा तरुण अधूनमधून यायचा. येताना आईने केलेलं लोणचं आणायचा आणि एकच गोष्ट मागायचा. प्लॅस्टिकमध्ये करवंटीसारखं बटण काढायचं होतं, त्यासाठी रंग आणि रेघा मामांनी ठरवून द्याव्यात. मामा नाही म्हणत. तो लोणचं ठेवून जाई. असं बरेच महिने चाललं. मग एका रविवारी मी गेलो तर मामा खिडकीत बसून एकेक गुंडी उन्हात धरत होते आणि निवडून बशीत ठेवत होते. “हे घेऊन जा म्हणावं त्याला,” ते म्हणाले. “आणि सांग, ठिपके फार काळे करू नकोस. खरी करवंटी बघेल तर तिला लाज वाटेल.”

सत्तर सालानंतर ती बटणं सगळीकडे दिसू लागली. बसच्या कंडक्टरच्या डगल्यावर, सिनेमाच्या रांगेत, घाटकोपरच्या भाजीबाजारात. मी एकदा मामांबरोबर चालत असताना समोरून आलेल्या एका परक्या माणसासमोर ते थांबले, वाकले, त्याची गुंडी बघितली आणि बाजूला झाले. तो माणूस बिचारा शर्ट झटकत निघून गेला. “बरी जमलीयेत,” मामा म्हणाले, आणि नाक्यापर्यंत येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्याखाली बघत गेले.

निवृत्त झाल्यावर मामांनी एकच हट्ट केला. त्यांना अलेप्पीला जायचं होतं. मामी आधी नाही म्हणाल्या, मग नवं पातळ घेतलं, आणि दोघं निघाले. आगगाडीने एर्नाकुलम, तिथून पुढे बोटीने पाण्यातून. महिन्याभराने परत आल्यावर मी आणि मालती त्यांना भेटायला गेलो. मामी उत्साहाने सांगत होत्या. त्या माणसाचं घर पाण्याच्या काठावरच आहे, अंगणात काथ्या वाळत पडलेला असतो, त्याची बायको आणि आपण रोज समोरासमोर बसून नारळ खवत होतो, एकमेकींच्या भाषेचं अक्षर कळत नव्हतं पण कुणाचा नारळ कोवळा आणि कुणाचा जून यावर भांडणसुद्धा झालं. हे दोघं दिवसभर पायरीवर बसायचे. पाण्यातून नारळ भरलेल्या होड्या जायच्या, त्या बघायचे.

“आणि निघताना ह्यांची पिशवी तिथेच राहिली,” मामी म्हणाल्या. “त्यात ह्यांचा चष्मा, पंचा, सगळं. म्हणजे राहिली कसली, तो माणूस धक्क्यापर्यंत पोचवायला आला, पिशवी घेऊन. ती काही सोडीना. बोट सुटली तरी हातातच. आणि ह्यांनीही मागितली नाही.”

मी मामांकडे पाहिलं. ते गॅलरीत आरामखुर्चीत बसले होते. समोर टेकड्या निळ्या होत चालल्या होत्या.

“मागितली असती तर त्याने दिली असती,” मामा म्हणाले. “मग संपलंच सगळं. आता तिथे माझं काहीतरी आहे. पुढच्या वर्षी आणायला जाऊ.”

पुढच्या वर्षी मामांना दम्याने धरलं, त्याच्या पुढच्या वर्षी मामींचे गुडघे बसले, आणि जाणं राहूनच गेलं. नवा चष्मा त्यांनी बरेच दिवस केला नाही. विचारलं की म्हणत, आहे माझा, अलेप्पीला आहे. आणि असं म्हणताना ते टेकड्यांच्या दिशेने बघत. अलेप्पी त्या बाजूला नव्हतं, पण ते कुणी त्यांना सांगितलं नाही.